न दिसणारी लाली

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे शिंदखेड्यात काकूच्या पार्लरमध्ये बसले की गिऱ्हाइकांना वाटते, हिला सगळेच कळते! गल्लीतल्या एक मावशी आल्या. "पोरी, तोंडाची नुसती आग होते. फेशियल करून दे." गाल हाताला गरम, नाकावर बारीक पुटकुळ्या, मुरुमे म्हणावीत तर काळे ठिपके नाहीत. काकूने फेशियल केले नाही. त्या दिवसाची कमाई बुडाली, ती बुडालीच.

धुळ्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी नाव सांगितले: रोझेशिया. पुस्तकांतली चित्रे बहुधा गोऱ्या गालांची. आपल्या सावळ्या कातडीवर लाली लपते. म्हणून आग होते का, झोंबते का, हे विचारावेच लागते. वाफ, ब्लीच, घासणे वर्ज्य. ऊन, चूल, कढत चहा, तिखट यांनीही तो भडकतो. आता दोंडाईच्याचा मिरचीबाजार आमच्याच तालुक्यात. इथल्या बाईला तिखट सोड म्हणून कोणत्या तोंडाने सांगावे?

खरा घोळ निराळाच होता. मावशी वर्षभर 'गोरेपणाची' ट्यूब लावीत होत्या. तिच्यावरचे बारीक इंग्रजी मी वाचले: बीटामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड. आधी आराम, मग चेहरा त्याच्याशिवाय राहीना. एकदम सोडले की आग दुप्पट. २०१८ साली सरकारने १४ स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. पण चिठ्ठी मागतो कोण?

डॉक्टरांनी ती हळूहळू सोडवली. रोग मुळातून जात नाही, आटोक्यात राहतो. मावशी आता चहा निववून पितात आणि काकूला भुवया तेवढ्या कोरायला सांगतात.