आवाज हरवलाय? लॅमिंग्टन रोड गाठा!

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरायचं आणि गर्दी वळेल तिकडे वळायचं. थोडं चाललात की केबलची भेंडोळी, सीसीटीव्हीचे खोके आणि 'बोलो मॅडम, क्या चाहिये?' हे पालुपद सुरू होतं. समजा, लॅमिंग्टन रोड आला! पाटीवर नाव दिसेल डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पोलीस ठाणंसुद्धा डी. बी. मार्ग. पण टॅक्सीवाल्याला ते पूर्ण नाव सांगून बघा, तो आधी तुमच्याकडे बघेल आणि मग म्हणेल, 'लॅमिंग्टन बोलो ना!'

हे लॉर्ड लॅमिंग्टन 1903 ते 1907 मुंबईचे गव्हर्नर होते. त्याआधी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचे. तिथला चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेला लॅमिंग्टन केक म्हणे त्यांच्याच (किंवा त्यांच्या सौंच्या) नावाचा. आपल्या वाट्याला केक नाही आला, कपॅसिटर आले.

आज हा रस्ता कम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्सचा म्हणून ओळखला जातो, पण त्याच्या आधीपासून तो सिनेमाचा आहे. नाझ बिल्डिंगमध्ये डिस्ट्रिब्युटर्सची ऑफिसं, शेजारपाजारी अप्सरा, मिनर्व्हा. 15 ऑगस्ट 1975 ला 'शोले' लागला तो या मिनर्व्हात, 70 एमएम आणि स्टिरिओफोनिक साउंडमध्ये, आणि पाच वर्षं मुक्काम ठोकून राहिला. जयने उडवलेलं नाणं खणकलं की लोक खाली वाकून खुर्चीखाली बघायचे, ही दंतकथा ज्याच्या घरात कुणी सांगितली नाही असा मुंबईकर विरळा. मिनर्व्हा आता नाही. पण तो चोहोबाजूंनी येणारा आवाज आपल्या हॉलमध्ये आणायचं वेड काही गेलं नाही, आणि ते वेड बिघडलं की त्याला खांद्यावर टाकून लोक अजूनही याच रस्त्यावर येतात.

आमच्या घरचं वेड अकरा किलोचं आहे. बाबा 2018 मध्ये रिटायर झाले आणि आयुष्यातली पहिली बिनकामाची खरेदी केली ती होम थिएटर रिसीव्हरची. पंधराव्या वर्षी मिनर्व्हात 'शोले' पाहिलेला माणूस, दुसरं काय घेणार? गेल्या पावसाळ्यात सेट-टॉप बॉक्सचा माणूस येऊन वायर बदलून गेला आणि त्या संध्याकाळपासून टीव्हीवर चित्र नाही, स्पीकरमध्ये आवाज नाही. सर्व्हिस सेंटरने (नाव कशाला?) आठ दिवस ठेवून घेतला आणि सांगितलं, बोर्ड गेला, तो बोर्ड आता येत नाही, एक्स्चेंजमध्ये नवा घ्या. बाबा काही बोलले नाहीत. रोज संध्याकाळी त्या काळ्या डब्यावरची धूळ मात्र पुसत राहिले. मग मी आणि भावाने तो चादरीत गुंडाळला आणि डोंबिवलीहून लोकलने निघालो.

रस्त्यावरच्या चकाचक दुकानांत याचं काही होत नाही. तिथे विकतात. दुरुस्ती करतात ती आतल्या गल्ल्यांत, जुन्या इमारतींच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर. लाकडी जिना, दोरखंडाचा कठडा, भिंतीवर पानाचे शिक्के आणि वर गेलात की सोल्डरिंगचा तो गोडसर, घशात बसणारा धूर. आम्ही शिरलो ती खोली दहा बाय दहाची असेल. भिंतीला टेकून रिसीव्हर्सची थप्पी, प्रत्येकाच्या पाठीवर खडूने तारीख. मधोमध साठीचे एक काका, कपाळावर सरकवलेला चष्मा, पुढ्यात मल्टिमीटर.

"रेडिओ लागतो?" त्यांनी पहिला प्रश्न हा विचारला.

लागत होता.

"मग ॲम्प्लिफायर जिवंत आहे, मॅडम. माणूस ठीक आहे, फक्त बहिरा झालाय."

आता हे जरा नीट समजून घ्यायला हवं, कारण रिसीव्हरच्या आजारपणाचं सगळं रहस्य यात आहे. जुन्या ॲम्प्लिफायरला एकच काम होतं, आवाज मोठा करणं. आजच्या रिसीव्हरमध्ये सात-सात ॲम्प्लिफायर, रेडिओ, चित्राची अदलाबदल करणारा स्विच, डॉल्बी उलगडणारा प्रोसेसर, वाय-फाय, ब्लूटूथ... चाळीतल्या एका खोलीत सात बिऱ्हाडं! त्यातलं ॲम्प्लिफायरचं बिऱ्हाड चुलीसारखं तापतं, कारण घेतलेल्या विजेतला मोठा हिस्सा ते उष्णता म्हणून बाहेर टाकतं. आणि सगळ्यात नाजूक बिऱ्हाड, म्हणजे एचडीएमआयचा बोर्ड, बऱ्याच मॉडेल्समध्ये नेमका या चुलीच्या वर किंवा शेजारी.

काकांनी झाकण उघडून पेनाने एक चौकोनी काळी चिप दाखवली. "जुनी आयसी हातातल्या इस्त्रीने काढायचो. हिला बघा, पायच नाहीत. पोटाखाली बारीक गोळ्या. ती तापते, गार होते, तापते, गार होते. एक दिवस एक गोळी सुटते."

मग कपॅसिटर. इथे मी मोबाइल काढून हिशोब केला. दहा अंश कमी तापला की कपॅसिटरचं आयुष्य दुप्पट, हा या धंद्यातला ढोबळ नियम. म्हणजे 85 अंशांना 2,000 तास टिकणारा कपॅसिटर 65 अंशांवर 8,000 तास टिकेल. रोज चार तास लावलात तर साडेपाच वर्षं. आणखी दहा अंश गार ठेवलात तर अकरा. साडेपाच आणि अकरा यांच्यातला फरक म्हणजे डोक्यावर वीतभर मोकळी जागा! आणि आपले इंटिरिअरवाले काय करतात? त्याला टीव्ही युनिटच्या खणात कोंबतात, वर काचेचं दार लावतात. 'क्लीन लुक' म्हणे. काका या जमातीवर फार खवळून आहेत, आणि माझं मत विचाराल तर त्यांचं बरोबर आहे.

पण बाबांचा डबा तर उघड्या टेबलावर होता. तो कसा गेला? काकांनी वायर बदलल्याचं ऐकलं आणि मान हलवली. सेट-टॉप बॉक्सच्या दोन पिनांच्या प्लगला अर्थिंग नसतं. त्याच्या पत्र्यावर थोडा करंट उतरलेला असतो, ओल्या हाताला झिणझिण्या येतात तो. सोसायटीभर फिरलेली केबल असेल तर ती आणखी कुठला करंट घेऊन येईल सांगता येत नाही. सगळं चालू असताना कुणी एचडीएमआयची वायर काढ-घाल केली की तो करंट वाट शोधतो, आणि सगळ्यात आधी त्याला भेटते ती ही बिनपायांची चिप. काकांच्या मते पावसाळ्यात त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या डब्यांची कथा हीच. वायरीला हात लावायच्या आधी भिंतीवरची सगळी बटणं बंद. बस, एवढंच पथ्य.

सगळ्याच तक्रारी अशा जीवघेण्या नसतात. हळू आवाजात एक स्पीकर गप्प होतो आणि आवाज वाढवला की पुन्हा बोलू लागतो? बहुतेक वेळा रिलेच्या टोकांवर मुंबईची खारी, दमट हवा चढलेली असते. स्वस्तात काम होतं. चालू केल्याकेल्या 'प्रोटेक्ट' लिहून बंद पडतो? आधी मागची स्पीकरची वायर बघा, एखादा सुटलेला तांब्याचा धागा शेजारच्या टोकाला टेकलेला सापडेल. अमेरिकेतल्या आत्येभावाने सुटकेसमधून आणलेला सेट इथल्या प्लगमध्ये खुपसलात? तो 120 व्होल्टचा, आपलं घर 230 चं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधी घ्यायचा, धूर नंतर बघायचा नाही. आणि हो, झुरळं. स्टँडबायवरचा डबा रात्रभर कोमट असतो, त्यांना दुसरं काय हवं!

महागडं घेतलं म्हणजे टिकाऊ, हा समजही इथे गळून पडतो. ओंकियोने 2009 नंतरच्या काही मॉडेल्समधला आवाज जाण्याचा दोष मान्य करून 2018 अखेरपर्यंत मोफत दुरुस्तीची मुदत दिली होती. पुढे ओंकियो होम एंटरटेनमेंट ही कंपनी मे 2022 मध्ये जपानमध्ये दिवाळखोरीत गेली. नाव दुसऱ्या मालकांकडे चालू राहिलं. 2020 च्या ऑक्टोबरात डेनॉन, मरांट्झ आणि यामाहाच्या नव्या कोऱ्या मॉडेल्समधल्या एचडीएमआय 2.1 चिपची गोची उघड झाली: एक्सबॉक्स सिरीज एक्सचं सेकंदाला 120 फ्रेम्सचं 4के चित्र तिच्यातून जाईना. डेनॉन-मरांट्झवाल्यांनी मधे जोडायला एक छोटा डबा फुकट दिला, यामाहाने बोर्ड बदलून द्यायचं कबूल केलं. त्याच महिन्यात 20 तारखेला नोबेओकाला एकेएमच्या कारखान्यात आग लागली. डिजिटल सिग्नलचा आवाज करणाऱ्या चिप्स तिथे बनायच्या, त्यामुळे कंपन्यांना दुसरीकडच्या चिप्स घेऊन डिझाइन बदलावं लागलं. म्हणजे बॉस, दुकानदार 'लेटेस्ट मॉडेल है' म्हणाला की खूश होऊ नका. एखादं वर्ष बाजारात काढलेलं मॉडेल घ्या, त्याचे रोग तोवर कळलेले असतात.

डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं. काकांना ते ठाऊक होतं. "मला सर्किट डायग्राम द्या," ते म्हणाले, "बाकी हक्क तुमच्याकडे ठेवा." त्यांचा मुलगा खाली गाळ्यात साउंडबार विकतो. साउंडबार बिघडला की लोक दुरुस्तीला आणतच नाहीत, टाकून देतात. थप्पीतले डबे पूर्वी छताला टेकायचे, आता खांद्यापर्यंत येतात, असं काका अगदी सहज, स्क्रू पिळता पिळता सांगत होते.

बाबांच्या डब्यातली चिप त्यांनी बदलली नाही. दुसऱ्या डब्यातली काढून लावली तर किती दिवस चालेल याची खात्री नाही, आणि खात्री नसलेल्या कामाचे पैसे घेत नाही म्हणाले. त्याऐवजी ड्रॉवरमधून एक ऑप्टिकल केबल काढली. टीव्हीच्या पाठीमागे लाल उजेडाचं एक भोक असतं ना, आपण कधी वापरत नाही ते? ती केबल तिथून थेट रिसीव्हरमध्ये. चित्र टीव्हीतच राहतं, आवाज तेवढा प्रकाश होऊन जातो, आणि केबल प्लॅस्टिकची असल्यामुळे तिच्यातून करंटही येत नाही. ॲटमॉस मिळणार नाही, डोक्यावरून जाणारं हेलिकॉप्टर विसरा. पण डॉल्बीचे 5.1 चॅनल्स व्यवस्थित. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम' बदलून 'डॉल्बी' किंवा 'बिटस्ट्रीम' करायचं, नाहीतर फक्त दोनच स्पीकर वाजतात.

केबलचे तीनशे आणि उघडून बघण्याचे दोनशे. सर्व्हिस सेंटरच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये याच डब्याची किंमत भंगार म्हणून लावली होती.

जाणार असाल तर रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात. दुपारी जेवणाची वेळ टळली की जा, काका लोक तेव्हा निवांत असतात. घरातून निघताना डब्याच्या मागच्या बाजूचा, सगळ्या वायरींसकट, एक फोटो काढून ठेवा. रिमोट सोबत घ्या. आणि लोकलने जायचं असेल तर चादर जाड घ्या.