तसं काही नाही, साहेब

रागावलेल्या कामगारापेक्षा "तसं काही नाही, साहेब" एवढेच बोलून गप्प बसणारा कामगार समुपदेशकाची कसोटी अधिक पाहतो, कारण राग निदान कुठे दुखते ते तरी दाखवतो. हे वाक्य मात्र दुखणेही झाकते आणि ते का झाकले जाते हेही.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात सुमारे २१,००० कामगारांच्या मुलाखती झाल्या, तेव्हा ठरावीक प्रश्नांची यादी बाजूला ठेवून माणसाला मनातले बोलू द्यावे लागते, हे मुलाखतकारांना कामातूनच उमगले आणि अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. पण त्याच कारखान्यात १९३१-३२ मध्ये निरीक्षणाखाली ठेवलेल्या १४ जणांच्या गटात, भराभर काम उरकणाऱ्याच्या दंडावर सोबतीच ठोसा मारत. गटाने स्वतःला घालून घेतलेल्या अशा अलिखित मर्यादेला समूह-प्रमाणक म्हणतात, आणि गप्प बसण्यामागे पुष्कळदा तिचाच हिशेब असतो.

हल्ली कामगारांचे मन जाणून घेण्याचे हे काम एक ते पाच गुणांच्या प्रश्नावल्यांवर उरकणारे सल्लागार मानसिक सुरक्षिततेचे, म्हणजे चूक बोलून दाखवली तरी आपले हसे होणार नाही या भरवशाचे, रंगीत आलेख काढतात. "तसं काही नाही"साठी त्यांच्याकडे रकानाच नाही. मात्र त्यांना नावे ठेवणाऱ्या प्रस्तुत लेखकाची टिपणवही तरी कुठे वेगळी होती? तिच्यात प्रत्येक गप्प माणसापुढे 'प्रतिकार', म्हणजे नकोसा विषय टाळण्याची मनाची धडपड, हा एकच शब्द वर्षानुवर्षे उतरत राहिला, आणि निदान सापडल्याच्या समाधानात मुलाखतीच्या खोलीकडे नीट पाहायचे राहून गेले.

लेखकाचा उजवा कान मंदावल्यावर टिपणे घेण्यासाठी एक शिष्या शेजारी बसू लागली. एका कारखान्यातील अशाच एका गप्प कामगाराच्या मुलाखतीनंतर दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या, तेव्हा लेखकाच्या वहीत नेहमीचा 'प्रतिकार' होता आणि तिच्या वहीत होते : 'खुर्चीचे तोंड दाराकडे. काचेतून सुपरवायझर दिसतो. बोलण्याआधी दोनदा तिकडे पाहिले.' लेखकाने आधी तिच्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या. खुर्ची फिरवली ती दुसऱ्या दिवशी.

तो कामगार पुन्हा आला नाही.