माया

शिवणकामात 'माया' म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जादा कापड. अंग भरलं की शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा बेताचा होतो. हा शब्द मी शहापुरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, आईच्या मशीनपाशी शिकले.

साल 1975. वडील साधे कारकून, आम्ही चार भावंडं. नवा कपडा वर्षातून एकदाच, दिवाळीला. बाकी वर्षभर आईचे हात. वडिलांच्या शर्टाची कॉलर झिजली की ती उसवून उलटी लावायची. लुगडं मध्ये विरलं की तेवढा भाग काढून दंड घालायचा. थोरल्याच्या पँटीतून धाकट्याची चड्डी निघायची. भाताच्या पेजेची खळ आणि तांब्यात निखारे घालून फिरवलेली इस्त्री. "कापड जुनं असूंदे," ती म्हणायची, "पण अंगावर बसलं पाहिजे, आणि बटण तुटकं नको." आम्ही गरिबीत वाढलो, पण गबाळे कधी दिसलो नाही.

मला मात्र तेवढ्यानं भागत नव्हतं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. 'बॉबी' येऊन दोन वर्षं झाली होती आणि मुलींच्या अंगावर ठिपकेच ठिपके होते. खडेबाजारातल्या दुकानांपुढून जाताना नायलॉनच्या साड्यांकडे बघत माझी पावलं हळू पडायची. गॅदरिंग आठवड्यावर आलं आणि आईनं माझ्यासाठी झंपर शिवायला घेतलं. कशाचं? खणाचं!

आमच्या भागात खण कुणाला सांगायला नको. गुळेदगुड्डचा, म्हणजे तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातला. अरुंद पन्ह्याचा, दोन्ही अंगांना काठ. इरकल लुगड्यावर आज्या घालायच्या, भाजीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या बायका घालायच्या. कॉलेजच्या मुलीनं घालायचं ते नव्हे, असं माझं ठाम मत. आईनं काठ नेमका बाहीवर आणला होता. शेजारच्या कानडी अक्कांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "भाळ छलो ऐती!" मी तोंड फिरवलं.

गॅदरिंगला मी मैत्रिणीचं काळं नायलॉनचं ब्लाऊज घालून गेले. ते खांद्यावर सैल आणि काखेत घट्ट होतं. तरी तासभर मी हवेत होते. मग नाटकाच्या मध्यंतरात, चहाच्या टेबलापाशी, सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, "हात जपून वर कर गं, उसवशील. माझं आहे ते." तिच्या मनात काही वाईट नसावं. पण चार जणी वळल्या, हसल्या. उरलेलं नाटक मी पाहिलं, पण काय पाहिलं ते आठवत नाही.

घरी आले तेव्हा आई जागी होती. "रडूलीस कशाला?" एवढंच तिनं विचारलं. मी काही सांगितलं नाही. सकाळी खणाचं झंपर इस्त्री करून माझ्या उशाशी ठेवलेलं होतं.

मी ते घातलं. साध्या सुती साड्या चारच होत्या; ते एक झंपर चौघींवर चालायचं. अंगाला असं बसायचं की दोन मुलींनी शिंप्याचं नाव विचारलं. मी म्हटलं, "घरचाच आहे." त्यानंतर उसनं कापड अंगाला लावलं नाही.

त्या वर्षी दिवाळीला ओवाळताना आईचा हात वर गेला आणि काखेतलं ठिगळ दिसलं. तेव्हा उलगडा झाला. तो खण मामानं गौरीच्या सणाला तिला दिलेला होता. तिचा नव्या झंपराचा खण माझ्या अंगावर होता. मी बोलले नाही. तीही नाही. आता ती नाही, आणि ते बोलायचं राहूनच गेलं.

आज खणाला काय दिवस आलेत! खणाच्या साड्या, पर्सा, तोरणंसुद्धा. पुण्यात नोकरी करणारी धाकटी लेक गेल्या दिवाळीला आली तेव्हा मोबाईलवर एक खणाचं ब्लाऊज दाखवून म्हणाली, "बघ ना, किती महाग!" मी ट्रंक उघडली. लग्नानंतर मी त्या झंपराची माया एकदा सोडली होती, तरी तिला ते छातीत घट्टच झालं. दिव्याखाली बसून मी शिवण आणखी उसवली. वाटलं होतं, आता आत काय उरलं असणार? पण बोटभर कापड अजून होतं. बाहेरचा रंग विटला होता. आतली ती पट्टी मात्र 1975 सालासारखी गर्द डाळिंबी.

"आई, एवढं कापड कशाला ठेवलं गं आजीनं आत?" लेकीनं विचारलं.

मी सुईत दोरा ओवत होते. डोळ्यांपुढं धुरकट झालं होतं, नाकं काही सापडेना. शेवटी तिनंच ओवून दिला.