काखेचे छायाचित्र

इंटरनेटवर विक्रीला काढलेल्या जुन्या कातडी फ्लाइट जॅकेटची छायाचित्रे बहुधा ठरलेल्या क्रमानेच येतात: आधी समोरचा भाग, मग पाठ, कॉलर, लेबल, चेन आणि शेवटी बाहीच्या कोपरावरची एखादी देखणी सुरकुती. या सगळ्यांत सहसा न सापडणारी जागा म्हणजे काख. वास्तविक घाम, त्यातले क्षार आणि हाताच्या हालचालीचे घर्षण ही तिन्ही एकत्र येतात ती तिथेच, आणि म्हणून कातडे निबर होऊन भेगाळायला सुरुवातही बहुधा तिथूनच होते. विकणाऱ्याला हे ठाऊक नसते असे नाही. म्हणूनच ग्राहकाने पहिली मागणी करावी ती काखेच्या छायाचित्राची, तेही दिवसाउजेडी घेतलेल्या.

फ्लाइट जॅकेट म्हणजे वैमानिकाला उंचावरच्या थंडीवाऱ्यापासून वाचवण्यासाठी सैन्याने नमुना ठरवून देऊन शिवून घेतलेले जाकीट. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध नमुना ए-२. तो अमेरिकी भूदलाच्या हवाई दलाने १९३१ मध्ये स्वीकारला, आणि दुसऱ्या महायुद्धात अनेक कंत्राटदारांनी, बहुतांशी घोड्याच्या कातड्यातून, तो शिवला. जनरल हेन्री 'हॅप' अर्नोल्ड यांनी १९४३ मध्ये कातडी जाकिटांची नवी खरेदी थांबवून कापडी जाकिटांना पसंती दिली. अमेरिकी नौदलाचे जी-१ हे बकऱ्याच्या कातड्याचे आणि केसाळ कॉलरचे जाकीट मात्र पुढेही चालू राहिले. अस्सल ए-२ ची पाठ एकसंध तुकड्याची असते, तिच्यावर मधोमध शिवण येत नाही. खिसे दोनच, वरून झाकणाचे, आणि बाजूने हात घालून उभे राहण्याची सोय त्यांत नाही. ही सोय दिसली तर जाकीट महायुद्धातले नव्हे, एवढे निःशंक म्हणता येते. असे जाकीट वाईट असते असे नाही, पण युद्धकालीन म्हणून अव्वाच्या सव्वा किंमत सांगितली जात असेल तर ती देण्याचे कारण उरत नाही.

स्थिती जोखताना झीज आणि कूज या दोन गोष्टींत फरक करावा लागतो. कॉलरची उडालेली कड, खिशाच्या झाकणावरचा फिकटलेला रंग, कोपरावरच्या सुरकुत्या ही झीज होय. ती वापराने येते आणि जाकिटाचे आयुष्य तिच्यामुळे फारसे घटत नाही. कूज ही निराळी गोष्ट आहे. झाडाची साल, हिरडा यांसारख्या वनस्पतिजन्य द्रव्यांनी कातडे कमावण्याची पद्धत महाराष्ट्राला कोल्हापुरी चपलेमुळे परिचित आहे. अशा कातड्यात धुरकट हवेतला गंधकाचा अंश वर्षानुवर्षे मुरत गेला की त्याचे आम्ल बनते, तंतू तुटू लागतात आणि पृष्ठभागाची विटकरी रंगाची भुकटी होऊन ती बोटाला लागते. या रोगाला तांबडी कूज म्हणता येईल. एकदा लागलेली कूज मागे हटत नाही, आणि दुर्दैव असे की छायाचित्रात ती केवळ एक उबदार तांबूस छटा म्हणून उठून दिसते आणि ग्राहकाला मोहात पाडते.

पांढऱ्या डागांची कथा थोडी वेगळी आहे. कातड्यातली चरबी थंडीत पृष्ठभागावर येऊन गोठली तरी पांढुरका थर दिसतो, आणि बुरशी आली तरी पांढुरकेच दिसते. पहिला थर केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा लागताच विरघळतो, दुसरा विरघळत नाही. विकणाऱ्याला ही चाचणी करायला सांगणे मुळीच असभ्य नव्हे. चाचणीला नकार देणाऱ्याचे उत्तरही ग्राहकाला पुरेसे असते.

शिवणींकडे तर भिंगातून पाहावे. जाकीट नव्याने रंगवलेले असेल तर धाग्यालाही तोच रंग चढलेला असतो, चेनच्या कापडी पट्टीची कड डागाळलेली असते आणि लेबलाचा काठ तपकिरी झालेला असतो. बाहीची शिवण उसवली म्हणून कुणी नवे टाके घालताना जुनी भोके सोडून शेजारी नवी पाडली असतील, तर टपाल तिकिटांच्या तावाप्रमाणे ते कातडे नेमके त्याच रेषेवर फाटायला तयार झालेले असते. मनगटाच्या आणि कमरेच्या विणलेल्या लोकरी पट्ट्यांना कसर लागलेली असली तर मात्र फार दुःख मानू नये. त्या बदलता येतात, अस्तरही बदलता येते. कातडे बदलता येत नाही.

कातड्याला टोचलेले भोक कापडासारखे बुजत नाही, आणि या एका गुणामुळे जाकिटाची पाठ वाचता येते. युद्धकाळात वैमानिकांनी पाठीवर विमानांची नावे, ललना आणि प्रत्येक मोहिमेमागे एक याप्रमाणे बॉम्बची चित्रे रंगवून घेतली. जुना रंग कातड्याबरोबरच तडकतो. तडकलेल्या भेगेच्या आतही रंग उतरलेला दिसला, तर चित्र नंतरचे आहे असे खुशाल समजावे. ललनांना आज भाव अधिक येतो, पण खरे पाहता त्या लहानशा बॉम्बच्या रांगाच अधिक अस्वस्थ करणाऱ्या आहेत, कारण प्रत्येक बॉम्बखाली कुठलेतरी गाव होते आणि त्याचा उल्लेख वर्णनात कुठेच येत नाही.

काही पाठींवर चित्र नसते, केवळ टोच्यांचा एक चौकोन असतो आणि त्याच्या आतले कातडे भोवतालच्यापेक्षा गडद असते. अशा जागी एकेकाळी रक्षापत्र शिवलेले असू शकते. शत्रूच्या मुलखात किंवा अनोळखी प्रदेशात उतरावे लागलेल्या वैमानिकाला स्थानिक लोकांनी मदत करावी, अशी त्यांच्याच भाषेत केलेली विनंती म्हणजे रक्षापत्र. ही कल्पना विमानांहून जुनी आहे. ९ जानेवारी १७९३ रोजी झां-पिएर ब्लांशार हा फ्रेंच माणूस फिलाडेल्फियातून बलूनमध्ये बसून आकाशात गेला, तेव्हा जॉर्ज वॉशिंग्टन यांनी त्याच्या हाती एक पत्र दिले होते. या गृहस्थाला कोणी अडवू नये, असा त्याचा आशय होता. ब्लांशारला इंग्रजी येत नव्हते. तो न्यू जर्सीत उतरला तेव्हा आकाशातून आलेल्या त्या माणसाची ओळख पटवण्याचे काम त्या कागदाने केले.

चीनमध्ये जपानविरुद्ध लढलेल्या अमेरिकी स्वयंसेवक वैमानिकांनी १९४१-४२ मध्ये हीच विनंती रेशमावर छापून पाठीवर वागवली: वर चिनी प्रजासत्ताकाचा ध्वज, खाली चिनी लिपीत मजकूर की हा परदेशी चीनला युद्धात साह्य करण्यास आला आहे, सैनिक आणि नागरिक सर्वांनी त्याचे रक्षण करावे. मित्राला दुरून दिसणारी पाठ शत्रूलाही दुरून दिसते हे लक्षात आल्यावर ही पत्रे जाकिटाच्या आत, अस्तरावर शिवली जाऊ लागली. आसामातल्या चबुआ, दिनजान यांसारख्या धावपट्ट्यांवरून हिमालयाची पूर्वेकडची टोके ओलांडून कुनमिंगला रसद नेणाऱ्या वैमानिकांची जाकिटेही याच परंपरेतली. त्यांच्या खांद्यावरच्या बिल्ल्यावर चीनचा सूर्य आणि भारताचा तारा शेजारी-शेजारी असे, आणि असे कित्येक बिल्ले भारतीय कारागिरांनी रंगीत कातड्याचे तुकडे जुळवून तयार केले. कारखान्यातल्या छापील बिल्ल्यापेक्षा ते वाकडेतिकडे आहेत, आणि त्याहून कितीतरी सुंदर.

मापाबद्दल थोडेच सांगावे लागते. लेबलावरच्या ४२ वर विसंबू नये, कारण जुने कातडे आकसते. जाकीट सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचे अंतर, खांद्यांची रुंदी, पाठीची लांबी आणि बाहीची लांबी मागवावी, बाहीत मनगटाची पट्टी धरली आहे की नाही तेही विचारावे, आणि स्वतःला नीट बसणारे जाकीट त्याच पद्धतीने मोजून आकडे ताडून पाहावेत.

उरला प्रश्न जाकीट हाती आल्यानंतरचा. नवा मालक मायेपोटी पहिल्याच संध्याकाळी ते तेलाने माखतो. अतिरिक्त तेलाने कातडे काळवंडते, धूळ धरते, आणि त्याचे पाझर शिवणीच्या धाग्यालाही पोचतात. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळी हवेत तर त्यावर बुरशी चढायला वेळ लागत नाही. जुने जाकीट कोरड्या मऊ फडक्याने पुसावे, रुंद खांद्याच्या हँगरवर सावलीत टांगावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये आणि तेलाची बाटली कपाटातच राहू द्यावी.