तेरा नंबरची वाहिनी

आमच्या पिढीला ‘वायरलेस’ हा शब्द पोलिसांच्या जीपमधून भेटला. खरखर, मग एक तुटक आवाज, शेवटी ‘ओव्हर’. तसे पाहिले तर घरातल्या रेडिओचे बोलणेही बिनतारीच यायचे, पण त्याला कुणी वायरलेस म्हणत नसे. त्याचा परवाना असे आणि दरवर्षी टपाल कचेरीत पैसे भरून तो नवा करून घ्यावा लागे. बोलण्याला परवाना लागणे समजू शकते, पण ऐकण्यालाही लागत होता, हे आता नातवंडांना सांगितले तर ती हसतात.

२००९ च्या मे महिन्यात थोरला मुलगा न्यू जर्सीहून सुट्टीला आला, तो सोबत एक जुना गेम कन्सोल घेऊन. एक्सबॉक्स ३६०. तिकडे त्याने दुसरा घेतला होता, हा इथल्या पुतणीसाठी. मायक्रोसॉफ्टने तो अमेरिकेत २००५ च्या नोव्हेंबरात आणि आपल्याकडे २००६ च्या सप्टेंबरात बाजारात आणला. त्या पहिल्या यंत्रांत वायफाय आतच बसवलेले नसे. ते २०१० च्या नव्या ठेवणीत आले. तोपर्यंत ज्याला तार नको, त्याने वेगळा अ‍ॅडॉप्टर घ्यायचा, तो यंत्राच्या पाठीला चिकटवायचा आणि त्याची शेपटी मागच्या यूएसबीत खोचायची.

खेळण्यात मला रस नव्हता. मला रस होता तो नातवाच्या आवाजात. तो तेव्हा दहा वर्षांचा. दर रविवारी फोन व्हायचा. “हाय आजोबा. आय अ‍ॅम गुड. आजीला देऊ?” एवढ्यावर गाडी थांबायची. ही फोन घेऊन विचारायची, “जेवलास का रे?” तो म्हणायचा, “हो.” मग दोन्हीकडे शांतता, आणि त्या शांततेचेही मिनिटामागे पैसे. पोराला मराठी कळत नव्हते असे नाही. बोलायला विषयच नव्हता. आजी-आजोबांशी काय बोलायचे, हे जवळ राहिल्याशिवाय सुचत नाही. मुलाचे म्हणणे असे, की दोघे भावंडे खेळू लागली की आपोआप बोलतील. या यंत्राला कानावर चढवायचा एक हेडसेट होता, हातातल्या कंट्रोलरला जोडायचा, आणि खेळता खेळता समुद्रापलीकडच्या गड्याशी बोलता येत असे.

मुलाची सुट्टी संपली आणि यंत्राची मांडणी माझ्या गळ्यात पडली. पहिली अडचण विजेची. तिकडच्या यंत्राच्या विटेएवढ्या पॉवर सप्लायला ११० व्होल्ट हवे, आपल्या भिंतीत २३०. पण आमच्या बेळगावात वाइंडिंगवाल्यांना तोटा नाही. त्यातल्या एकाने दोन दिवसांत स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर करून दिला. वजन असे, की त्याला उचलून ठेवायला दोन हात लागले. त्याच्या गुणगुणण्याची आम्हाला पुढे इतकी सवय झाली, की तो बंद केल्यावर घर एकदम रिकामे वाटे.

दुसरी अडचण हवेतली. टीव्हीवर जाळ्यांची यादी उमटली, तिच्यात शेजारपाजारच्या दोन घरांची नावे होती, आमचे नव्हते. अ‍ॅडॉप्टरचा दिवा लागलेला, राउटरचा दिवा लागलेला, माझ्या टेबलावरच्या लॅपटॉपवर सगळे सुरळीत. आमचे घर जुने, जांभ्या दगडाच्या दीड-दोन हात जाडीच्या भिंती, म्हणून मी राउटर उचलून टीव्हीशेजारी आणून ठेवला. दोघांमध्ये वीतभर अंतर राहिले, तरी एकमेकांना ओळख नाही. मग मी शेजारच्या मुलाला हाक मारली. तो इंजिनिअरिंगला होता. घरची भाषा कन्नड, आमच्याकडे आला की मराठी. मला अज्जा म्हणतो, हिला अज्जी.

त्याने लॅपटॉपवर १९२.१६८.१.१ हा आकडा टाकून राउटरचे आतले पान उघडले, थोडा वेळ पाहत बसला आणि म्हणाला, “अज्जा, ह्याला तेरा कळत नाही. अकराच्या खाली आणू या की.”

त्याने समजावले ते असे. वायफायची जी जुनी लहर आहे, २.४ गिगाहर्ट्‌झची, तिचे पट्टे पाडून त्यांना नंबर दिलेले आहेत. पहिला २४१२ मेगाहर्ट्‌झवर, मग पाच-पाचच्या अंतराने पुढे. अकरावा २४६२ वर, तेरावा २४७२ वर. आपल्याकडे २००५ च्या जानेवारीत सरकारने हा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केला, तो २४८३.५ पर्यंत, म्हणजे तेरावी वाहिनी आपल्याला मोकळी. अमेरिकेत त्या वरच्या काठाशी नियम इतके कडक आहेत, की तिथे विकली जाणारी बहुतेक यंत्रे अकरावरच थांबवलेली असतात. आमचा राउटर स्वतःच वाहिनी निवडत होता आणि त्याला गर्दी टाळून तेरावी पसंत पडली होती. अमेरिकेहून आलेल्या अ‍ॅडॉप्टरच्या लेखी ती जागाच नकाशावर नव्हती.

हद्द म्हणजे काय, हे आम्हा बेळगावकरांना कुणी शिकवायला नको. पण ती हवेतही आखलेली असते आणि आपल्या दिवाणखान्यातून जाते, हे मला त्या दिवशी कळले. पोराने वाहिनी सहा नंबरवर पक्की केली. दिवा हिरवा झाला. नात टाळ्या पिटायला लागली.

पण आवाज काही येईना. यंत्राच्या तपासणीत बाकी सगळे उत्तीर्ण, एका ओळीपुढे मात्र ‘स्ट्रिक्ट’. तिला नॅट म्हणतात. पूर्वीचा भाडेकऱ्यांचा वाडा डोळ्यांपुढे आणा. आत दहा बिऱ्हाडे, बाहेर एकच दिंडी दरवाजा. बाहेरून येणाऱ्याला वाड्याचा पत्ता ठाऊक, आतला बिऱ्हाडकरू नव्हे. आतल्याने आधी बाहेर निरोप धाडला असेल तर उत्तर त्याच्यापर्यंत पोचते. आगंतुकाला दारातूनच परत पाठवतात. तिकडच्या घरीही तसाच दरवाजा, म्हणजे दोन्ही भावंडे आपापल्या दारात कान लावून बसलेली. शेजारच्या पोराने कन्सोलला घरातला एक कायमचा पत्ता दिला आणि ३०७४ नंबरच्या दारावर आलेले सगळे थेट तिथे सोडायला राउटरला सांगितले. ‘स्ट्रिक्ट’चे ‘ओपन’ झाले.

खेळ होता उनो. पत्त्यांचाच, चार रंग, शून्य ते नऊ आकडे, काही खोडसाळ पाने. हातघाईचे खेळ त्या अंतरावर चालत नाहीत. इकडे उडी मारावी, तर तिकडे ती पोचेपर्यंत शत्रूने डाव साधलेला. आमचे ब्रॉडबँड त्या काळच्या सरकारी व्याख्येपुरते, २५६ केबीपीएसचे. पत्त्यांना घाई नसते. तिकडचे रात्रीचे नऊ म्हणजे आमचे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा. नात एरवी साडेसातपर्यंत उठत नसे, ती खेळाच्या दिवशी सहालाच हेडसेट चढवून बसू लागली.

तिला इंग्रजी बोलायचा कंटाळा, म्हणून ती मराठीतच ओरडायची. त्याला जिंकायचे होते, म्हणून त्याने शिकून घेतले. लाल, हिरवा, निळा, पिवळा. सात, आठ, नऊ. ‘पाळी’, ‘ओढ’, ‘रडी खाऊ नकोस’. एकदा हिने सहज हेडसेट कानाला लावला, तर तिकडून आवाज, “माझा पिवळा पान!”

“पिवळा नाही रे, पिवळं. ते पान.”

“ते का?”

ही गप्प. व्याकरणाचे असे प्रश्न घरच्या माणसाला सुटत नाहीत. शेजारचा पोर तिथेच चहा पीत होता, तो हसायला लागला. कन्नडात निर्जीव वस्तू सगळ्या एकाच लिंगाच्या, तेव्हा खुर्ची ‘ती’ आणि पंखा ‘तो’ कशावरून, हा प्रश्न तोही लहानपणी हिलाच विचारायचा. हिने त्याला दिले होते तेच उत्तर नातवाला दिले, “म्हणत जा, कळेल.”

त्या वर्षी नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आटोपून नात फराळाचे ताट मांडीवर घेऊन खेळायला बसली. तिकडे आदल्या दिवसाची रात्र होती. हिने हेडसेट घेतला आणि “जेवलास का?” विचारले. नातू म्हणाला, “आजी, थांब, माझी पाळी आहे.” ही दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत होती. मला थांब म्हणाला. मराठीत.

२०१३ साली ही गेली. यंत्र माळ्यावर गेले. २०२४ च्या जुलैत त्या कन्सोलचे दुकानही बंद झाले. नवे खेळ विकत घेणे संपले, आधी उतरवलेले राहिले.

यंदाच्या उन्हाळ्यात नातू आला, सव्वीस वर्षांचा. त्यानेच पेटी खाली काढली. ट्रान्सफॉर्मर लगेच गुणगुणला. नव्या राउटरची कुलपे २०१८ नंतरच्या धाटणीची, ती जुन्या अ‍ॅडॉप्टरला ओळखू येईनात. मी पाहुण्यांसाठीचे वेगळे जाळे काढून दिले, जुन्या कुलपाचे, सहा नंबरवर. दिवा हिरवा झाला. पण बाहेर जायचे कुणाशी खेळायला? आम्ही दोघेच दोन कंट्रोलर घेऊन बसलो.

“माझ्याकडे पिवळं नाही,” तो म्हणाला.

“मग ओढ एक.”