भात्यावरचा हात

दीक्षितपुऱ्यातील आमच्या घरी बाबांची पेटी आहे. चार वर्षांपूर्वी तिच्या शेजारी माझा सिंथेसायझर येऊन बसला. काळ्यापांढऱ्या पट्ट्या दोघांनाही, पण मी यमनचे दोन आलाप वाजवून दाखवले तेव्हा बाबा एवढेच म्हणाले, "सूर आहेत रे, श्वास नाही."

मला ते लागले. ज्या पेटीला आकाशवाणीने १९४० साली दार लावून घेतले आणि १९७१ साली ते कुठे किलकिले केले, तिच्याच भक्ताने दुसऱ्या वाद्याला नाक मुरडावे! आक्षेप तरी कुठे नवा होता? समान अंतराच्या बारा पट्ट्यांत मींड नाही. त्यांचा शुद्ध गंधारही तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधाराहून सुमारे १४ सेंट चढा. म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचे शंभर भाग केले, तर त्यांतले चौदा.

यंत्रात तयार आवाज शेकडो होते. मी सतार वाजवली, बासरी वाजवली. सारेच उसने वाटले. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा राग सिंथेसायझर आणि तालयंत्र यांवर ध्वनिमुद्रित केले. त्या तबकडीची खरी कदर २०१० साली ती पुन्हा निघाल्यावर झाली. त्यांचीही नक्कल करून पाहिली. ती वाट त्यांनी स्वतःसाठी पाडली होती. माझी पावले तिच्यावर परकीच राहिली.

गेल्या पावसाळ्यात बाबांचा डावा हात अधू झाला. उजवा पट्ट्यांवर पूर्ववत फिरे. पण भाता कोण मारणार? कचेरीतून आल्यावर मी पेटीसमोर बसू लागलो. "अरे, धाप लागल्यासारखा नको... आता सोड... गंधारावर भर." जन्मभर मी त्यांच्या उजव्या हाताची बोटे पाहत आलो होतो. गाणे डाव्या हातात आहे, हे माझा हात भरून आला तेव्हा कळले.

मग मी सारे तयार आवाज बाजूला सारले. करवतीच्या दात्यांसारखी एकच लहर ठेवली. तिच्यात सारे उपस्वर असतात आणि फिल्टर जसजसा उघडावा तसतसे ते बाहेर येतात. गंधार चौदा सेंट उतरवला. डाव्या बाजूला दोन चाके होती. एकाला फिल्टर जोडला. तो माझा भाता. दुसऱ्याने सूर वाकतो: तीव्र मध्यमाची पट्टी दाबून ते हळूच मागे घेतले की सूर गंधारापर्यंत सलग उतरत येतो. किती मागे घ्यायचे, ते कानाने ठरवायचे.

परवा संध्याकाळी तसाच यमन वाजवला. बाबा बराच वेळ ऐकत होते. मग सरकून जवळ आले, माझा उजवा हात बाजूला केला आणि स्वतःचा पट्ट्यांवर ठेवला.

"डावा राहू दे तिथेच," ते म्हणाले.