अनामिकेवरचा घट्टा

संध्याकाळी वाडिया पार्कात डोकावलं की नगरच्या पोरांचा ओढा कुणीकडे आहे ते लगेच कळतं. लांबून धावत यायचं आणि जोरात टाकायचा! श्रीरामपूरच्या झहीर खानच्या जिल्ह्यात दुसरं काय होणार? फलंदाज व्हायचं तर आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे आहेच. लेगस्पिनर मात्र शोधावा लागतो. टेनिस बॉलवर वाढलेल्या बोटांना शिवण भेटायची कधी? आणि भेटली, तरी दोन चेंडू आखूड पडले, मार बसला, की कप्तान दुसऱ्याला हाक मारून मोकळा.

म्हणून मला पुण्याच्या शुभांगी कुलकर्णींचं फार अप्रूप. १९७६ साली, सतराव्या वर्षी, वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटीतल्या पहिल्याच डावात पाच बळी, तेही लेगस्पिनवर. ही कला मनगटाची, असं सगळे म्हणतात. पण शेवटचा पीळ देते अनामिका. चेंडू सुटताना शिवण तिच्या पेराला घासते, कातडं सोलवटतं, महिनोन् महिने असं झालं की तिथं घट्टा धरतो. त्या बोटानं १९९१ पर्यंत १९ कसोट्यांत ६० बळी मिळवले. अर्जुन पुरस्कार १९८५ चा. काही सामने कप्तानपदही.

त्या पिढीतल्या बायकांना कारभारातही हात घालावाच लागला. मागे उभं राहणारं श्रीमंत मंडळ नव्हतं. २००६ मध्ये महिला क्रिकेट संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली, तेव्हा तिच्या सचिव शुभांगीताईच होत्या. जिचा कारभार पाहायचा ती संस्थाच मिटवायची, खेळणाऱ्या मुलींचं भलं होईल म्हणून! खुर्चीला चिकटलेले पदाधिकारी आपण इतके पाहतो की हे खरं वाटू नये.

पुढे डावखुऱ्या फिरकीवाल्या डायना एडल्जी बीसीसीआयचा कारभार पाहायला न्यायालयानं नेमलेल्या प्रशासक समितीवर आल्या. त्याच समितीच्या कारकिर्दीत, २०१९ मध्ये, क्रिकेट कारभाराच्या सुधारणेसाठी नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशीनुसार इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन उभी राहिली. तिचे दोन प्रतिनिधी बीसीसीआयच्या सर्वोच्च परिषदेवर बसतात, एक पुरुष, एक स्त्री. २०२२ मध्ये दिलीप वेंगसरकरांबरोबर शुभांगीताई तिथं गेल्या.

मला खटकतं ते एवढंच, की ही क्रिकेटर्स असोसिएशन निवृत्तांची. मानधन थकलेला किंवा कारण न सांगता वगळलेला रणजीपटू अजून खेळतोय, म्हणून तिच्या दारात उभा राहू शकत नाही. आधी बॅट ठेव, मग तक्रार घेऊन ये, असला हा उफराटा न्याय.